पुसलेली मुंगी

छापखान्यात तिला सगळे रबरताई म्हणायचे, अगदी मालकांपासून दाराशी बसणाऱ्या रखवालदारापर्यंत. कारण तिचं कामच पुसण्याचं होतं. छापायला आलेल्या चित्रांवरचे डाग, ओरखडे, केस, धूळ, कुणाकुणाच्या बोटांचे ठसे, सगळं काढून चित्र लख्ख करायचं आणि मग ते मशीनकडे पाठवायचं. नोकरीला लागली तेव्हा खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर चित्राची फिल्म पसरून, बारीक ब्रशने एकेक टाचणीएवढं भोक बुजवावं लागे. पुढे कॉम्प्युटर आले, ब्रशच्या जागी माउस आला, पण हात तोच राहिला आणि खोडही तीच राहिली. कुणाकडे गेली तर चहा येईपर्यंत हिची नजर भिंतीवरच्या फोटोच्या काचेवर. एकदा तर आपल्या लेकीच्या सासूशी बोलता बोलता तिने त्यांच्या गालावरचा तीळ पदराने पुसायला घेतला होता. ते प्रकरण निवळायला बरेच दिवस गेले.

"माझ्या हाताखालून गेलेल्या कागदावर एक डाग दाखवा, नोकरी सोडते," असं ती छाती पुढे काढून म्हणे. आता नोकरी तशीही सुटणारच होती. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि शेवटचं मोठं काम म्हणून मालकांनी तिच्या टेबलावर एक पुस्तक आणून ठेवलं.

पुस्तक लहान मुलांचं होतं, चित्रांचं. एका बदकाची छत्री मोडते. ते बदक ती दुरुस्त करून घ्यायला शिंप्याकडे जातं, लोहाराकडे जातं, सुताराकडे जातं, कुंभाराकडे जातं. जो तो छत्री उलटीसुलटी करून बघतो आणि हात झटकतो. शेवटी नदीला पूर येतो, छत्री उलटी होऊन पाण्यावर तरंगायला लागते आणि बदक तिच्यात बसून ऐटीत घरी जातं. बस, एवढीच गोष्ट. बदकाला मुळात पोहता येतं, मग त्याला होडी हवीच कशाला, हा प्रश्न रबरताईला पहिल्याच वाचनात पडला आणि तिने तो मालकांना विचारलाही.

"मुलांना चालतं," मालक म्हणाले आणि निघून गेले.

मुलांना नुसतं चालत नव्हतं, हे त्या प्रतीकडे बघूनच कळत होतं. पुस्तक जुनं, बाजारातून कधीच संपलेलं. पण प्रकाशनाच्या दुकानात अजूनही कुणी ना कुणी येऊन विचारायचं, "ते बदकाच्या छत्रीचं आहे का हो?" विचारणारी मंडळी बापे आणि बाया, डोक्याचे केस पिकलेली. म्हणून नवी छपाई करायचं ठरलं, तर मूळ चित्रं वाळवीने खाल्लेली, फिल्मचा पत्ता नाही, चित्रकार जग सोडून गेलेला. कुठल्याशा वाचनालयातून ही एक प्रत मिळाली, तिच्यावरूनच आता सगळं उभं करायचं होतं. प्रत कसली, लढाईवरून परत आलेला शिपाई. पानांच्या कडा कुरतडलेल्या, कुंभाराला कुणीतरी पेन्सिलीने मिशा काढलेल्या, नदीत तेलाचे डाग, आणि लोहाराच्या पानावर तर कुणा मोठ्या माणसाने चहाचा कप ठेवून गोल शिक्का उठवलेला. रबरताईच्या मते हे पुस्तक वाचलेलं नव्हतं, खाल्लेलं होतं. एवढं काय असतं या साध्या बदकात? तिच्या लहानपणी घरात असली पुस्तकं नव्हती, त्यामुळे आठवून बघायचीही सोय नव्हती. पण प्रश्न डोक्यात भुणभुणत राहिला.

मग ती पदर खोचून कामाला लागली. मिशा गेल्या, तेल गेलं, चहाचं कडं गेलं. जवळजवळ प्रत्येक पानावर कुठे ना कुठे एक बारीक काळा ठिपका होता, माशीने घाण करावी तसा. कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून पाहावं तर जुन्या छपाईचे रंगीत दाणे सुटे सुटे व्हायचे. इतकं मोठं केल्यावर बदकाचा डोळासुद्धा डोळा राहत नव्हता, तिथे ठिपक्याचं काय घेऊन बसलात! शेजारचा स्वच्छ कागद उचलायचा, ठिपक्यावर बसवायचा, की झालं. "या वाचनालयात माश्या फारच दिसतात," ती शेजारच्या टेबलाला म्हणाली, आणि एकूण एक ठिपका काढून टाकला.

प्रकाशनाच्या संपादकबाईंनी नमुन्याची पानं पाहिली आणि त्या खूश झाल्या. "नवं कोरं केलंत हो!" म्हणाल्या, सही केली आणि गेल्या. रबरताईला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. नमुन्याच्या पानांचा एक जादा संच पडला होता, तो तिने घडी घालून, दोऱ्याने शिवून, पिशवीत टाकून घरी नेला. घरी लेक होती आणि लेकीची लेक होती. ही नात एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आणि भिंगरीच्या बालवाडीत बदकाच्या पुस्तकाची जुनी प्रत होती, हे रबरताईला ठाऊक होतं. नात खूश होईल, असा साधा हिशेब होता.

"बदक!" भिंगरी ओरडली आणि पुस्तक घेऊन जमिनीवर पालथी पडली. नाक जवळजवळ पानाला टेकलेलं, पाय हवेत. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. मग पाय हलायचे थांबले. ती परत पहिल्या पानावर गेली. मग तिने पुस्तक मिटलं आणि आजीच्या मांडीवर ठेवून दिलं.

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? आजीने स्वतः केलंय."

"यात मुंगी नाहीये."

"अगं, गोष्टीत मुंगी नाहीच आहे मुळी. बदक आहे."

"गोष्टीत नाहीये गं आजी," मंदबुद्धी माणसाशी बोलावं तशा शांतपणे भिंगरी म्हणाली. "पुस्तकात आहे."

स्वयंपाकघरातून लेक म्हणाली, "आई, तू तिचं काय ऐकतेस? शाळेतून ते पुस्तक आणून इतकेदा वाचून दाखवलंय तिला, की मला झोपेत उठवलंस तरी म्हणून दाखवीन. मुंगीबिंगी काही नाही त्यात."

"तू खालची अक्षरं वाचत असतेस," भिंगरीने आईलाही उत्तर देऊन टाकलं.

रबरताईने हळूच विचारलं, "केवढी होती गं मुंगी?"

भिंगरीने अंगठा आणि बोट जवळजवळ चिकटवून दाखवलं. एवढुश्शी. रबरताईने मांडीवरचं पुस्तक परत उघडलं. कारण ते माप तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचं बोट धरून ती बालवाडीत गेली. तिथल्या बाई मनमोकळ्या होत्या. त्यांनी कपाटातून प्रत काढून दिली. "सांभाळून हं, लोहाराचं पान केव्हाच फाटून गेलंय. दरवर्षी म्हणते हे पुस्तक काढून टाकू, पण पोरं ऐकत नाहीत. नवी ढीगभर पुस्तकं आहेत, बटण दाबलं की बोलणारीही आहेत. तरी भांडण होतं ते याच्यावरून."

रबरताई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. हात लांब करून, आपल्या नेहमीच्या अंतरावरून तिने पान पाहिलं. ठिपका. मग चष्मा काढला आणि भिंगरीसारखं नाक पानाला टेकवलं. तर तिथे मुंगी होती. डोकं, पोट, सहा पाय, दोन मिशा, सगळं केसाएवढ्या रेघांनी काढलेलं. बदकाच्या पायरीखालून ती बाहेर पडत होती. शिंप्याच्या पानावर कात्रीच्या मुठीवर चढलेली होती. सुताराच्या पानावर तिच्या तोंडात पावाचा एक पांढरा कण होता. कुंभाराच्या चाकावर तो कण सांभाळत ती गरगर फिरत होती. आणि शेवटच्या पानावर, उलट्या छत्रीच्या काठावर, बदकाच्या पाठीमागे, ती कणासकट घरी चालली होती. म्हणजे बदकाच्या गोष्टीच्या पोटात एक दुसरी अख्खी गोष्ट चालली होती, आणि तिच्यासाठी चित्रकाराने एक अक्षरही खर्च केलं नव्हतं.

दोन पानांवर मुंगी अर्धवटच उरली होती. तिथे कागदाला खळगा पडला होता. कितीतरी वर्षांच्या, कितीतरी पोरांच्या बोटांनी नेमक्या तिथेच टेकून टेकून कागद झिजवला होता.

"अगंबाई!" बालवाडीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "आणि मला वाटायचं, पोरं बदक दाखवतायत."

रबरताईला आता हसावं की रडावं ते कळेना. तिला त्या चित्रकाराचं भारी नवल वाटत होतं. एवढी नाजूक गंमत करायची आणि कुणाला सांगायचीसुद्धा नाही? आणि त्याच वेळी तिला स्वतःची शरम वाटत होती, अगदी कान तापेपर्यंत. मूळ चित्रं वाळवीने खाल्लेली. आता तिने केलेलं काम म्हणजेच पुस्तक. पुढे जेव्हा जेव्हा छापलं जाईल तेव्हा याच्यावरूनच छापलं जाईल. आज मुंगी परत आली नाही, तर ती कायमचीच गेली. आणि ही घाण नव्हे, जिवंत मुंगी, तिच्या स्वतःच्या हाताने पुसली गेली होती.

ती धापा टाकत छापखान्यात पोचली तेव्हा मशीन सुरू झालेलं होतं. मशीनवाले काका एकेक कागद उजेडात धरून रंग तपासत होते.

"काका, तुम्ही लहानपणी हे पुस्तक पाहिलं होतं का?"

"म्हणजे काय! फाडलंय सुद्धा."

"त्यात मुंगी होती?"

"होती की. शेवटी छत्रीवर बसून..." काका बोलता बोलता थांबले. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग डोळ्यांजवळ आणून पाहिलं. "अरेच्चा! सकाळपासून हेच कागद बघतोय, आणि माझ्या लक्षातही आलं नाही?" त्यांनी मुकाट्याने मशीनचं बटण बंद केलं.

मशीनचा आवाज थांबला की मालक खोलीतून बाहेर येतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते आले. रबरताईने जे झालं ते सांगितलं. मालकांनी कपाळाला हात लावला.

"ताई, सही झालेली आहे. संपादकबाईंना दिसलं नाही, मला दिसलं नाही. कोण बघणार आहे?"

"पोरं बघणार आहेत."

"पोरं काय तक्रार करायला येतायत?"

"तेच तर," रबरताई म्हणाली. "ती येणार नाहीत. नुसती पुस्तक मिटून ठेवतील."

मालकांनी तिला बाजूला घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, इतकी वर्षं तुमच्या नावाला बट्टा नाही. चार दिवसांनी निरोपाला सगळे जमणार, मी भाषणात काय सांगू? आपणहून कशाला पायावर धोंडा पाडून घेता? अळीमिळी गुपचिळी, विषय संपला."

खरं सांगायचं तर रबरताईला तो सल्ला गोड वाटला. मोह झालाच. तिला निरोपाचं भाषण ऐकायचं होतं, त्यातलं "एकही डाग नाही" हे वाक्य तर आधीच पाठ होतं. ती टेबलाशी जाऊन बसली, पाण्याचा घोट घेतला, आणि फोन उचलून संपादकबाईंना लावला. "मी रबरताई बोलतेय. चित्रातली मुंगी मी पुसली. घाण समजून पुसली. मला उद्या सकाळपर्यंतचा वेळ द्या."

 तिकडून बाईंनी विचारलं, "कुठली मुंगी?"

सगळं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "घ्या वेळ." आणि फोन ठेवता ठेवता, "पण ताई, चित्रकारांनी ती काढली कशासाठी असेल हो?" रबरताईलाही तेच जाणून घ्यायचं होतं, पण सांगायला आता कोण होतं?

मालक फुगून खोलीत गेले. काकांनी मशीनवर दुसरं काम चढवलं. सुदैवाने न पुसलेली पानं कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी होती. तिने एकेक ठिपका परत बोलावला. गंमत अशी, की त्यातले काही खरोखरच माशीचे निघाले, तेव्हा मुंगी कुठली आणि माशी कुठली, हे दर वेळी नाक टेकवूनच ठरवावं लागत होतं. बालवाडीची प्रत बाईंनी विश्वासाने दिली होती, ती शेजारी उघडी होती. दुपार कलेपर्यंत सगळ्या मुंग्या जागेवर आल्या, एक सोडून. लोहाराची. वाचनालयाच्या प्रतीत तिथे चहाचं कडं बसून खालचा रंगच उडालेला, आणि बालवाडीच्या प्रतीत ते पान नव्हतंच. काकांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून बराच प्रयत्न केला. "ऐरणीवर? नाही. भात्यावर? छे, गेलं डोक्यातून."

लोहाराचं पान छापून घेऊन ती घरी आली आणि ते जमिनीवर पसरलं. भिंगरी पालथी पडली. या वेळी रबरताईही शेजारी पालथी पडली. कंबरेतून कळ आली, पण सांगते कुणाला?

"हे पान आमच्याकडे नाहीये," भिंगरी म्हणाली.

"म्हणूनच तर. मुंगी कुठे असेल इथे?"

भिंगरीने लगेच बोट ठेवलं नाही. आजीच्या मनात आलं, चार वर्षांचं पोर, काहीतरी ठोकून देईल. पण पोर विचार करत होतं. "कात्रीवर असते तेव्हा तिच्याकडे खाऊ नसतो," ती म्हणाली. "आणि मग असतो."

"मग?"

"मग इथे मिळाला." आणि तिची नजर ऐरणीवरून, भट्टीवरून, भिंतीवरून फिरत फिरत खुंटीला टांगलेल्या लोहाराच्या डब्यावर आली. डब्याचं झाकण किंचित उघडं होतं. पुसताना रबरताईने ते झाकण पाहिलं होतं. लोहार वेंधळा असेल, एवढंच तिला वाटलं होतं. चहाचं कडं बरोबर त्या फटीवरून गेलं होतं.

"यातून बाहेर येत असेल," भिंगरी म्हणाली. "पाव घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आधी रबरताई दाराशी उभी होती. आता अडचण वेगळीच होती. बाकीच्या मुंग्या तिने परत आणल्या होत्या, ही मात्र काढावी लागणार होती. आयुष्यभर तिने चित्रांतून फक्त काढून घेतलं होतं, स्वतःचं एक टिंबही कधी त्यांत घातलं नव्हतं. तिने कपाटातून जुना बारीक ब्रश शोधला, शाई कालवली. पहिली मुंगी झुरळासारखी झाली. दुसरीला सात पाय फुटले. काका मागे येऊन उभे राहिले आणि शहाण्या माणसासारखे काही न बोलता परत गेले. बऱ्याच कागदांची नासाडी झाल्यावर एक मुंगी अशी आली, की ती झाकणाच्या फटीतून अर्धी बाहेर आली होती, तोंडात कण होता आणि कुणी बघत तर नाही ना, अशा बेताने जरा वळली होती. ती तिने पानावर बसवली.

संपादकबाई पाहायला आल्या तेव्हा रबरताईने आधीच सांगून टाकलं, "ही एक चित्रकारांची नाही. ही आमच्या अंदाजाने माझी आहे. नको असेल तर सांगा, पुसते."

बाईंनी चष्मा काढला आणि त्या पानावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी सही केली.

निरोपाचा समारंभ झाला. मालकांनी भाषणात डागांचा विषय काढलाच नाही, हवापाण्यावर बोलले. रबरताईला थोडं वाईट वाटलं, ते खोटं कशाला बोला. पण तिला त्याहून मोठी एक हुरहूर लागून राहिली होती. तिची मुंगी चालेल का? बाकीच्या मुंग्यांना पोरांच्या बोटांनी आधीच पसंती दिलेली होती. हिला अजून एकाही पोराने पाहिलं नव्हतं. उद्या कुणी म्हणालं "ही खोटी आहे," तर?

नवं पुस्तक बांधून आलं तेव्हा एक प्रत घेऊन ती बालवाडीत गेली आणि मागच्या भिंतीशी बसली. भिंगरीला तिने मुद्दाम आईबरोबर घरीच ठेवलं होतं, आधीच सगळ्यांना सांगून मोकळी झाली असती. बाईंनी गोष्ट वाचली. पोरं हसली, शिंप्या-सुतारांबरोबर हात झटकून झाले. मग बाईंनी पुस्तक सतरंजीवर ठेवून दिलं, आणि थोड्या वेळाने दोन वेण्यांची एक मुलगी ते ओढून कोपऱ्यात घेऊन गेली आणि पालथी पडली.

रबरताई खुर्ची पुढे सरकवत सरकवत जवळ आली. पायरी. कात्री. पोरीचं बोट सवयीने नेमकं तिथे तिथे जात होतं. मग लोहाराचं पान आलं, तिने कधीच न पाहिलेलं. बोट हवेत थांबलं. ऐरणीवर गेलं, तिथे काही नाही. भट्टीवर गेलं.  बोट भिंतीवर चढलं, खुंटीपाशी आलं, डब्यावर उतरलं आणि तिथेच राहिलं. पोरीचे खांदे हलले. ती तोंड दाबून हसत होती.

तेवढ्यात तिला वरून कुणीतरी बघत असल्याचं जाणवलं. तिने मान वर केली, एक अनोळखी आजी दिसली, आणि तिने पटकन अख्खा तळहात डब्यावर पसरून मुंगी झाकून टाकली.

"काय गं आहे तिथे?" रबरताईने विचारलं.

"काही नाही," मुलगी म्हणाली.

"बरं," रबरताई म्हणाली, आणि तिने मुकाट्याने तोंड दुसरीकडे वळवलं.